सायकलस्वाराच्या हृदयाचा ताळेबंद

एके काळी आपल्या बाजारपेठेत सायकल हे दिवाणजींचे व वसुली कारकुनांचे वाहन होते. बँकेत भरणा करावयाचा असो, शहापुरातील विणकरांकडे निरोप धाडावयाचा असो, की रविवार पेठेतून खडेबाजारात मालाचा नमुना पोचवावयाचा असो, पेढीची काळी सायकल बाहेर निघे आणि मालक गादीवर तक्क्याला टेकून बसलेले असत. आज चित्र उलटे झाले आहे. दिवाणजी मोटारसायकलवरून येतात, आणि पंचेचाळीस-पन्नाशीचे मालक भल्या पहाटे शिरस्त्राण चढवून, हलक्या सायकलीवर स्वार होऊन राकसकोपच्या किंवा जांबोटीच्या रस्त्याला लागतात. कोणी सुट्टीच्या दिवशी राजहंसगडाचा चढ चढतो. कोणी चोर्ला घाट उतरून साखळीपर्यंत जातो आणि तोच घाट चढून परत येतो. कोणी १३ तास ३० मिनिटांत २०० किलोमीटर पुरे करण्याच्या ‘ब्रेव्हे’ नामक कसोटीस उतरतो.

हा पालट स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ज्यांचा सारा दिवस गल्ल्यावर बसण्यात, फोनवर भाव ठरविण्यात आणि उधारीच्या काळजीत जातो, त्यांनी सकाळचे दोन तास मोकळ्या हवेत घालवावेत, यासारखी चांगली गोष्ट नाही. परंतु या उत्साहाबरोबर एक भ्रमही आपल्यात रुजू पाहत आहे. ‘मी आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल चालवितो; माझ्या हृदयास काय होणार? तपासण्या करून घ्याव्यात त्या बैठ्या माणसांनी,’ असे उद्गार सकाळच्या चहाच्या टपरीवर वारंवार कानी पडतात. या समजुतीचा विचार करण्यासाठीच हा लेख आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, आपल्यासारखाच एक व्यापारी आहे. आणि म्हणूनच जी गोष्ट व्यापाऱ्यास सहज कळावी, ती व्यापाऱ्याच्याच भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

उलाढाल निराळी, ताळेबंद निराळा

आपल्या धंद्यात दुकानावरची गर्दी पाहून कोणी पेढीची किंमत करीत नाही. ज्या पेढीवर दिवसभर मालाची चढउतार चालते, त्याच पेढीच्या खतावणीत बुडीत येणे साचलेले असू शकते. गर्दी दिसते ती उलाढाल होय; पेढी सुस्थितीत आहे किंवा नाही, हे ताळेबंदावरूनच कळते. म्हणूनच धंदा उत्तम चालला असतानाही आपण वर्षाकाठी हिशेब तपासून घेतो.

शरीराचा न्याय याहून वेगळा नाही. सायकल चालविण्याची शक्ती ही शरीराची उलाढाल होय. नित्याच्या रपेटीने स्नायू बळकट होतात, श्वास लांबतो, एका ठोक्यासरशी हृदय अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि विश्रांतीच्या वेळी नाडी मंदावते. हे सर्व खरे. पण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या ज्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, त्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबीचे थर साचण्याची क्रिया तरुणपणीच सुरू होते आणि वर्षानुवर्षे मूकपणे चालते. वडिलांकडून आलेली प्रकृती, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी आणि कधी काळी ओढलेली विडी-सिगारेट यांचा हिशेब तेथे लिहिला जात असतो. व्यायामाने त्यातील काही रकमा कमी होतात, पण सगळ्या पुसल्या जात नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुष्कळदा हृदयविकाराचा झटका येतो तो वाहिनी हळूहळू पूर्ण बुजल्यामुळे नव्हे. अर्धवटच अरुंद झालेल्या जागी चरबीचा थर अकस्मात फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत प्रवाह बंद पडतो. कालपर्यंत घाट विनातक्रार चढणारा मनुष्य आज अचानक कोसळतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. पस्तिशीच्या आतील खेळाडूंत अशा आकस्मिक मृत्यूमागे हृदयाच्या स्नायूचे किंवा विद्युत्-यंत्रणेचे जन्मजात दोष प्रामुख्याने आढळतात. पस्तिशीनंतर मात्र मुख्य कारण रक्तवाहिन्यांचा विकार हेच आहे.

व्यायामाचे माप न्यायाने करावे

हे वाचून कोणी सायकल अडगळीत टाकील, तर लेखाचा हेतूच विफल होईल. व्यायाम हृदयाचा मित्र आहे, ही गोष्ट पुराव्याने सिद्ध झालेली आहे. जेरेमी मॉरिस या इंग्रज संशोधकाने १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिन्यावरून सतत वरखाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात दिसून आले. पुढे २०१७ मध्ये ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत, कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका बैठ्या प्रवाशांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला.

जोराच्या श्रमाच्या वेळी धोका क्षणकाल वाढतो, हेही तितकेच खरे आहे. पण तो किती? अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या दीर्घकालीन पाहणीचा जो निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार जोराच्या श्रमाच्या सुमारे १५ लाख प्रसंगांमागे एक आकस्मिक मृत्यू घडला. आणि नित्य व्यायाम करणाऱ्यांत हा क्षणिक धोका अनियमित व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी होता. महिनाभर गादीवर बसून एकदम रविवारी घाट गाठणाऱ्याने या वाक्याचा उत्तरार्ध दोनदा वाचावा.

मग आपल्याला विशेष चिंता का? कारण बावन्न देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीतून, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी वयाच्या ५३व्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील लोकांपेक्षा सुमारे सहा वर्षे अगोदर येतो, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. शाकाहार हे काही अभेद्य कवच नव्हे. तूप, तळण, फरसाण व मिठाई हीही शाकाहारीच आहेत.

दोन उदाहरणे

जिम फिक्स हा अमेरिकन लेखक सायकलस्वार नव्हता, धावपटू होता. पण त्याची कथा आपल्या विषयास तंतोतंत लागू पडते. त्याने पस्तिशीच्या सुमारास धूम्रपान सोडले, वजन घटविले आणि १९७७ साली धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकाने लाखो लोकांना रस्त्यावर आणले. २० जुलै १९८४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, धावतानाच त्याला मृत्यूने गाठले. शवविच्छेदनात हृदयाच्या प्रमुख रक्तवाहिन्या फार अरुंद झालेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांना ३५व्या वर्षी झटका आला होता आणि ४३व्या वर्षी ते वारले होते. खतावणीतील सर्वांत ठळक नोंद घराण्याच्याच पानावर होती. धावण्याने त्याचा घात केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वडिलांहून तो नऊ वर्षे अधिक जगला. पण केवळ धावणे म्हणजे तपासणी नव्हे, हा धडा त्याच्या मृत्यूने घालून दिला.

दुसरे उदाहरण आशेचे आहे. २३ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हर येथे गोल्फ खेळत होते. पोटात अस्वस्थ वाटू लागले तेव्हा त्यांनी दुपारच्या खाण्यातील कच्च्या कांद्यास दोष दिला. त्याच रात्री तीव्र वेदना सुरू झाल्या आणि तो हृदयविकाराचा झटका असल्याचे पुढे निष्पन्न झाले. आपल्या घरांत कांद्यास दोष देण्याची सोय नाही. आपण भज्यांस किंवा पित्तास दोष देतो, एवढाच फरक. आयसेनहॉवर यांच्या उपचारासाठी बोस्टनहून ज्या हृदयतज्ज्ञास पाचारण करण्यात आले, ते डॉ. पॉल डडली व्हाइट स्वतः सायकलचे निस्सीम पुरस्कर्ते होते. सायकल चालविण्याचा आग्रह धरणारा हा मनुष्य हृदयतपासणीच्या नव्या शास्त्राचाही एक आद्य प्रवर्तक होता. लंडनमध्ये शिकून त्यांनी हृदयाच्या विद्युत्-आलेखाची विद्या बोस्टनमधील आपल्या रुग्णालयात रुजविली. अध्यक्षांना त्यांनी कायमचे अंथरुणास खिळवून ठेवले नाही. आयसेनहॉवर १९५६ ची निवडणूक जिंकले आणि १९६९ पर्यंत जगले. व्यायाम आणि तपासणी यांत वैर नाही, हे समजण्यास व्हाइट यांच्याहून चांगला साक्षीदार कोठे मिळणार?

तपासणीस जाताना

हृदयाची तपासणी म्हणजे एकदम मोठी यंत्रे, असा गैरसमज आहे. खरी सुरुवात बोलण्यापासून होते. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात. आपण आठवड्यास किती तास व किती जोराने सायकल चालविता. आई-वडील, भाऊ-बहिणी व काका-मामा यांपैकी कोणास कमी वयात हृदयविकार किंवा आकस्मिक मृत्यू आला काय. कोणती औषधे चालू आहेत. तंबाखू कोणत्याही रूपात घेतली होती काय. आणि श्रमाच्या वेळी कधी काही वेगळे जाणवले काय. वडील पुरुष नातलगांस पंचावन्नच्या आत किंवा स्त्री नातलगांस पासष्टच्या आत हा विकार झाला असल्यास ते अवश्य सांगावे. घरातील अशा गोष्टी आपण झाकून ठेवतो. पण डॉक्टरांपासून झाकलेली नोंद ही आपलीच फसवणूक होय.

नंतर रक्तदाब. तो एकदाच मोजून भागत नाही. दवाखान्यात कित्येकांचा वाढतो आणि काहींचा घरी किंवा दुकानातच वाढतो. म्हणून घरच्या नोंदी आठवडाभर ठेवाव्यात. रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर, मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, चरबीचे निरनिराळे घटक आणि मूत्रपिंडाचे काम पाहिले जाते. ‘लायपोप्रोटीन-ए’ हा चरबीचा एक घटक मुख्यतः आनुवंशिक असतो, आहार-व्यायामाने फारसा बदलत नाही. तो आयुष्यात एकदा तरी मोजावा, असे आता तज्ज्ञ सांगतात. येथे सायकलस्वारांसाठी एक सूचना आहे. रक्त देण्यापूर्वीचे दोन-तीन दिवस लांबची, कष्टाची रपेट टाळावी. थकलेल्या स्नायूंतून काही द्रव्ये रक्तात उतरतात आणि यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्याचा खोटा भास होतो.

त्यानंतर विद्युत्-आलेख, म्हणजे आपण ज्याला ईसीजी म्हणतो तो. विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधील विलेम आइंटहोव्हेन यांनी ही विद्या सिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाची लय, जुन्या इजेच्या खुणा व काही जन्मजात दोष त्यात दिसतात. परंतु विश्रांतीच्या वेळी काढलेला आलेख निर्दोष असूनही रक्तवाहिन्या अरुंद असू शकतात. उलटपक्षी, कसलेल्या सायकलस्वाराची नाडी मिनिटास ५० किंवा त्याहून कमी असणे आणि आलेखात काही फरक दिसणे हे पुष्कळदा निरोगी अनुकूलनाचे लक्षण असते. म्हणून ‘मी नित्य सायकल चालवितो’ हे वाक्य आलेख काढण्यापूर्वीच उच्चारावे. अन्यथा निष्कारण घबराट व्हावयाची.

ध्वनिलहरींनी केलेल्या तपासणीत हृदयाचे पडदे, स्नायूची जाडी व आकुंचनशक्ती दिसते. याहून पुढची पायरी ती ताणचाचणी. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सर्वत्र रूढ आहे. सरकत्या पट्ट्यावर चालावयाचे. आरंभी वेग ताशी सुमारे २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के; दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. पुष्कळ ठिकाणी २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांवर नाडी पोचली की चाचणी थांबवितात. पन्नाशीच्या माणसास हा आकडा सुमारे १४५ होतो. घाट चढताना ज्याची नाडी १६५ वर जाते, त्याची परीक्षा १४५ वर संपविणे म्हणजे निम्म्या मालाचीच मोजदाद करणे होय. शक्य असल्यास दमेपर्यंत चाचणी चालू ठेवावी, अशी विनंती डॉक्टरांस करावी. निर्णय अर्थात त्यांचा. नाडी मंदावणारे औषध चालू असल्यास ते आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांस विचारावे.

ही चाचणी पार पडली म्हणजे आयुष्याचा विमा उतरला, असेही नव्हे. रक्तप्रवाहास अडथळा करण्याइतका मोठा थर ती दाखविते. लहान पण ठिसूळ थर तिच्या हाती लागत नाही. म्हणून ज्यांचा धोका मध्यम आहे आणि औषध सुरू करावे किंवा नाही याचा निर्णय होत नाही, त्यांना डॉक्टर कधी कधी सीटी यंत्राने कॅल्शियमची मोजणी सुचवितात. ती शून्य आली तर दिलासा मिळतो. वर्षानुवर्षे कठोर व्यायाम करणाऱ्या काही पुरुषांत कॅल्शियम अधिक आढळते, असे २०१७ मधील अभ्यासांत दिसले. त्याचा अर्थ लावणे तज्ज्ञांचे काम आहे. तक्रार नसलेल्या प्रत्येकाने प्रत्येक तपासणी करावी, असा याचा अर्थ नाही. मोठ्या जाहिराती देऊन विकल्या जाणाऱ्या तपासण्यांच्या ‘पॅकेज’पेक्षा, आपली हकीकत शांतपणे ऐकून घेणारा एक डॉक्टर अधिक मोलाचा आहे.

उपवास आणि रपेट

आपल्या कुटुंबांत चातुर्मासातील उपवास श्रद्धेने केले जातात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना सकाळी उपाशीपोटी रक्त देणे तर सहजसाध्यच असते. परंतु निर्जळी उपवासाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे चढाची रपेट करणे हितावह नाही. शरीरातील पाणी व क्षार कमी झाले असता हृदयाची लय बिघडण्याचा संभव वाढतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यास घेरी येऊ शकते. म्हणून पर्युषणापूर्वीच डॉक्टरांस भेटून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात, आणि त्या दिवसांत सायकल घरीच ठेवावी. तसेच अंगात ताप असताना कधीही जोराचा व्यायाम करू नये. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूस सूज येते आणि अशा वेळी श्रम प्राणघातक ठरू शकतात.

वाटेवरची दक्षता

तपासणी वर्षातून एकदा. शरीर मात्र रोज बोलते. चढावर छातीत आवळल्यासारखे होणे व थांबताच बरे वाटणे, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, नेहमीच्याच चढावर अनपेक्षित धाप लागणे, श्रम चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत अनियमित धडधड होणे, ही लक्षणे ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नयेत. स्त्रियांत छातीच्या कळेबरोबर, किंवा तिच्याऐवजी, असाधारण थकवा, मळमळ व धाप दिसू शकते. सायकल चालविणाऱ्या आपल्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. असे काही झाल्यास रपेट तेथेच थांबवावी, स्वतः सायकल किंवा मोटार हाकीत दवाखान्यात जाऊ नये. कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

तपासणी चोख असूनही प्रसंग येऊ शकतो, याचे उदाहरण इटलीचा सोन्नी कोलब्रेल्ली. २०२१ ची पॅरिस-रुबे शर्यत जिंकलेला हा व्यावसायिक सायकलपटू मार्च २०२२ मध्ये कॅटलोनियातील शर्यतीच्या पहिल्याच टप्प्याची अंतिम रेषा ओलांडताच कोसळला. त्याचे वय अवघे ३१ होते. जवळच्या लोकांनी तत्काळ छाती दाबण्यास आरंभ केला, विद्युत्-धक्क्याचे यंत्र हाताशी होते, आणि तो वाचला. त्याच्या हृदयाजवळ रक्षक यंत्र बसविण्यात आले आणि त्याच वर्षी त्याने शर्यतींतून निवृत्ती पत्करली.

चोर्ला घाटात किंवा कणकुंबीच्या रानात असे पथक आपल्यामागे धावत नसते. तेथे आपल्या बरोबरचा सोबतीच वैद्य. एखादा कोसळला, हाक मारून उत्तर देत नसला आणि त्याचा श्वास नीट चालत नसला, तर एकाने १०८ ला कळवावे आणि दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटास १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत दाबत राहावे. हे कौशल्य एका सकाळी शिकता येते.

आपल्या मंडळाने यासाठी तीन गोष्टी हाती घ्याव्यात, अशी नम्र सूचना आहे. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक सायकलस्वार सभासदाची व त्याच्या घरातील मंडळींची वार्षिक तपासणी. वर्षातून एकदा छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक. आणि प्रत्येक स्वाराच्या खिशात नाव, रक्तगट, औषधे व घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. दिवाळीत आपण नव्या वह्यांची पूजा करतो, ती जुन्या वह्यांचा हिशेब पुरा करून. नव्या वर्षाची पहिली रपेट सुरू करण्यापूर्वी, ज्याच्या जोरावर सारी चाके फिरतात त्या हृदयाचे खातेही एकदा उघडून पाहावे, आणि मग निर्धास्त मनाने घाटाकडे निघावे.